ज्यांची नावं मला कळली नाहीत, त्यांचे आभार

ऐन भातलावणीत आईला लेप्टोचा ताप (लेप्टोस्पायरोसिस) झाला. रक्तातल्या प्लेटलेट भराभर उतरल्या, तेव्हा तिला वेंगुर्ल्याहून गोव्याला, बांबोळीच्या सरकारी इस्पितळात न्यावं लागलं. पप्पा तिच्यासोबत. घरी आजी, धाकटा भाऊ आणि अकरावीतली मी.

प्लेटलेट जेमतेम 5 दिवस टिकतात, त्यामुळे फार साठवता येत नाहीत. त्या द्यायला माणसंच यावी लागतात. ती आली. जून-जुलैची मासेमारी बंदी, म्हणून किनाऱ्यावरचे काही दादा घरी होते. ते भर पावसात रात्रीच निघाले. पप्पांनी नावं विचारली, तर म्हणाले, "आधी वयनीक बरा वाटांदे."

इकडे आमचे कुणगे, म्हणजे भाताची छोटी शेतं, अर्धेच लावून झाले होते. वाडीतल्या बायकांनी उरलेला तरवा, म्हणजे भाताची रोपं, लावून टाकला. संध्याकाळी दारात पेजेचा टोप असायचा. कोणाचा, हे आजीलाही कोणी सांगितलं नाही.

चर्चच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात बायबलमधली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट मी कितीदा ऐकली आहे: लुटारूंनी मारून वाटेवर टाकलेल्या माणसाला एक शोमरोनी वाटसरू मदत करतो. दरवेळी स्वतःला मदत करणाऱ्याच्या जागी ठेवायचे. यंदा ती वाटेवर पडलेल्या माणसाच्या बाजूने वाचली. ही गोष्ट लिहिणाऱ्या लूकने त्या शोमरोन्याचं नाव दिलेलं नाही. तो परक्या समाजाचा होता, एवढं मात्र स्पष्ट लिहिलं आहे. तुमच्यातल्या बहुतेकांच्या दारात तुळस आहे, आणि माझ्या आईसाठी तुम्ही देवाला गाऱ्हाणंही घातलंत, हे मला ठाऊक आहे.

आई आता घरी आहे, चालतेफिरते. येत्या रविवारची चर्चमधली मिस्सा (प्रार्थना) आम्ही तुमच्यासाठी ठेवली आहे. देव बरे करो. आणि टोप धुऊन पडवीत ठेवलेत, ज्यांचे असतील त्यांनी न्यावेत.