भाजी नुसती बघायला नको, निवडायला मांडा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या घराजवळचं सुपरमार्केट दोन महिने अर्धं बंद होतं, आता नवीन होऊन उघडलंय. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण माझं भांडण एका दुकानाशी नाही, आणि असला बदल काय एकाच ठिकाणी चाललाय असंही नाही. आधी तिथं भाजी मागच्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या क्रेटमध्ये असायची, शेजारी काटा, आणि एक पोरगी वजन करून स्टिकर लावून द्यायची. आता दारातनं आत पाय टाकला की पहिली भाजीच दिसते. लाकडी खोकी, वेताच्या बुट्ट्या, काळ्या पाटीवर खडूनं लिहिल्यासारखी अक्षरं, वरनं पिवळट लाईट, आणि मधोमध 'थेट शेतातून' असा मोठा बोर्ड. दिसायला लई भारी दिसतंय, खोटं कशाला बोलू. पण जवळ गेल्यावर कळतं की मेथी पिशवीत बंद आहे, भेंडी ट्रेमध्ये घालून वरनं प्लास्टिक ताणलंय, टोमॅटोचे चार-चारचे डबे, आणि मिरचीसुद्धा पॅक. सुटं म्हणाल तर कांदा, बटाटा आणि नारळ, बस्स.

मांडणी मंडईसारखी केली आणि मंडईतलं जे खरं काम, हातात घेऊन निवडायचं, तेवढंच काढून टाकलं. हे मला लागलं, कारण माझी आई कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत सव्वीस वर्षं भाजी विकत होती. आम्ही भावंडं शाळा सुटल्यावर तिथंच बसून अभ्यास करायचो. भाजी मांडणं ही किती कष्टाची आणि हुशारीची गोष्ट असते ते मी लहानपणापासनं बघितलंय. आई पहाटे मार्केट यार्डातनं सौदा करून माल आणायची आणि आल्याबरोबर पहिल्यांदा गोणपाट भिजवायची. पालेभाजीच्या पेंड्या त्यावर उभ्या, देठं खाली, आणि वरनं हातानं पाणी मारायचं ते पण ओंजळीनं नाही, बोटांनी शिंपडून, कारण पानात पाणी साठलं की दुपारपर्यंत पेंडी आतनं काळी पडते. कोथिंबीर आणि पोकळा केळ्यांपासनं लांब ठेवायची. का म्हणून विचारलं तर म्हणायची केळ्याची ऊब लागते, पान पिवळं पडतं. पुढं कॉलेजात गेल्यावर कळलं की पिकणाऱ्या फळातनं इथिलीन नावाचा वायू निघतो आणि त्यानं शेजारची पालेभाजी लवकर पिवळी पडते, म्हणजे आईला कारण माहीत नव्हतं पण गोष्ट पक्की माहीत होती. बटाटा ती कायम पोत्याच्या सावलीत ठेवायची, उजेड लागून हिरवा झालेला बटाटा कडू लागतो आणि खायला चांगला नसतो म्हणून. आणि ह्या नवीन दुकानात बटाटा अगदी लाईटच्या खाली मांडलाय. परवा मी त्यातले तीन हिरवे उचलून तिथल्या पोराला दाखवले.

नुसती दुकानालाच नावं ठेवायची म्हणून हे लिहीत नाही. ती लाकडी खोकी आतनं उथळ असतात, खाली तिरकी फळी टाकलेली असते आणि वर मालाचे दोनच थर असतात, त्यामुळं खोकं भरगच्च वाटतं. माझ्या एका मित्राला ही फसवणूक वाटते, मला तसं वाटत नाही. आई पण बुट्टी पालथी घालून त्यावर पोतं टाकून टोमॅटो रचायची. ढीग मोठा दिसतो आणि खालचा माल दबून फुटत नाही, दोन्ही कामं होतात. लाईटचं पण तसंच आहे. मंडईत तांबडी ताडपत्री असली की तिच्या खाली सगळेच टोमॅटो लाल दिसतात. पण तिथं गिऱ्हाईक टोमॅटो उचलायचं, दोन पावलं बाहेर उन्हात येऊन फिरवून बघायचं, देठाकडं हिरवा असला तर परत ठेवायचं. विकणारीला ते माहीत असायचं, घेणारीला पण माहीत असायचं. इथं लाईट दुकानाचा, प्लास्टिक दुकानाचं आणि टोमॅटो उलटा करून बघायची सोय नाही. घरी येऊन डबा उघडला तर चारातले दोन फिकट निघाले.

मला सगळ्यात नवल वाटतं ते हे की सुपरमार्केट ही कल्पनाच मुळात गिऱ्हाईकाला हात लावू देण्यातनं जन्माला आली. १९१६ साली अमेरिकेत मेम्फिसला क्लॅरेन्स सॉन्डर्स नावाच्या माणसानं पिगली विगली हे दुकान काढलं. तोपर्यंत तिकडं पण आपल्या जुन्या किराणा दुकानासारखंच होतं, काउंटरच्या अलीकडं गिऱ्हाईक आणि पलीकडं दुकानदार, तो देईल ते घ्यायचं. सॉन्डर्सनं काउंटर काढला, हातात बुट्टी दिली आणि आत फिरून आपापलं घ्या म्हणाला, आणि ह्या मांडणीचं त्यानं पुढच्याच वर्षी पेटंट पण घेतलं. शंभर वर्षांनी आपण परत काउंटरच्या अलीकडं येऊन उभं राहिलोय, फक्त मध्ये आता फळीच्या जागी प्लास्टिक आहे.

दुसरी गोष्ट तारखेची. इंग्लंडात टेस्को ह्या सुपरमार्केटवाल्यांनी २०१८ मध्ये बऱ्याच फळभाज्यांच्या पाकिटावरची 'ह्या तारखेपर्यंत उत्तम' ही ओळ काढली, २०२२ मध्ये मार्क्स अँड स्पेन्सरनं तीनशेच्यावर फळं-भाज्यांवरनं काढली, वेटरोजनं पण काढली. कारण काय तर लोकं तारीख बघून चांगली भाजी कचऱ्यात टाकत होती. आता लोकांनी नाकानं, डोळ्यानं आणि हातानं ठरवावं असं तिकडं म्हणतात. मला हे शंभर टक्के पटतं, पण मग ती भाजी हातात यायला पाहिजे का नको? तारीख पण नाही आणि हात पण लावायचा नाही, मग गिऱ्हाईकानं ठरवायचं कशावरनं. आमच्या घराजवळच्या ह्या दुकानात पॅकवर पॅकिंगची तारीख असते, पण भाजी शेतातनं कधी निघाली ते कुठंच नाही. आज पॅक केलेली मेथी चार दिवसांपूर्वी उपटलेली असू शकते.

आणि 'थेट शेतातून' म्हणजे कुठल्या शेतातून? २०१६ मध्ये राज्य सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातनं मोकळा केला, तेव्हापासनं दुकानवाल्यांना शेतकऱ्याकडनं सरळ माल घ्यायची वाट मोकळी आहे. मग खरंच सरळ घेतला असेल तर गावाचं नाव ठाऊक असणारच. शिरोळची वांगी, करवीरातल्या अमक्या गावची मेथी असं त्याच काळ्या पाटीवर लिहा की. त्या पाटीवर सध्या 'ताजे तेच आरोग्यदायी' असलं काहीतरी लिहिलंय, त्याजागी गाव आणि काढणीचा दिवस लिहिला तर पाटीचा काहीतरी उपयोग होईल.

आता वाकड्या मालाचं बोलतो, कारण ह्यात शेतकऱ्याचा पैसा आहे. पॅकिंग आलं की सगळ्या काकड्या एका मापाच्या लागतात, नाहीतर ट्रेमध्ये बसत नाहीत. मग वाकडी काकडी, दोन पायाचं गाजर, डाग असलेलं वांगं जातं कुठं? फ्रान्समध्ये इंटरमार्शे ह्या दुकानवाल्यांनी २०१४ मध्ये असला वाकडातिकडा माल वेगळा मांडून तीस टक्के स्वस्त विकला आणि त्याचं जगभर कौतुक झालं. कौतुक व्हावं असंच काम आहे, पण आमच्या आईच्या पुढ्यात डाव्या हाताला रोज तो वाटा असायचा. किडकं नाही, फक्त रूप नाही असं वांगं, वाकडी काकडी, तुटलेला दोडका, सगळं मिळून एक वाटा, निम्म्या दरात. संध्याकाळी कामावरनं जाणाऱ्या बायका तेवढ्यासाठी थांबायच्या. नवीन दुकानात असला एक कोपरा करायला काय अडचण आहे?

मी हे सगळं तिथल्या मॅनेजर पोराला बोललो. पोरगा चांगला आहे, ऐकून घेतलं. म्हणाला, "काका, सुटं ठेवलं की लोकं चाचपून चाचपून टोमॅटोचा चेंदा करतात, भेंडीचे शेंडे मोडून ठेवतात, रोज माल फेकायला लागतो. आणि करोनापासनं बरीच लोकं पॅकच मागतात." हे मला मान्यच करायला पाहिजे. भेंडीचा शेंडा मोडण्यावरनं आईची रोज कुणाशी तरी वादावादी व्हायची. पण आई भेंडी प्लास्टिकमध्ये घालत नव्हती, ती स्वतः एक भेंडी उचलून गिऱ्हाईकासमोर मोडायची, कट्कन आवाज आला की गिऱ्हाईकाचं समाधान आणि बाकीची भेंडी शाबूत. म्हणजे तिथं माल जाणणारा माणूस उभा होता. दुकानात लाकूडकाम झालं, लाईट आले, बोर्ड आले आणि काट्यावरची ती पोरगी मात्र काढली. तिला कुठली भाजी कोवळी आणि कुठली जून ते कळत होतं. माझ्या मते ह्या सगळ्या बदलात सगळ्यात मोठी चूक हीच झाली.

कोल्हापूरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. गंगावेशीत म्हशी आणून उभ्या करतात आणि गिऱ्हाईकाच्या समोर धार काढून फेसासकट दूध ग्लासात देतात, आणि लोकं उभ्या उभ्या पितात. तिथं बोर्ड लागत नाही की लाईट लागत नाही, सगळं डोळ्यांसमोर आहे. दुकानात म्हैस आणा असं मी म्हणत नाही, पण ह्या शहराला डोळ्यांनी बघून घ्यायची सवय आहे एवढं नवीन दुकानं मांडणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

माझं मागणं थोडकंच आहे. पॅक ज्याला पाहिजे त्याच्यासाठी पॅक राहू द्या, पण निम्मी भाजी तरी सुटी ठेवा आणि तिथं काटा व माणूस उभा करा. आमच्या घरी आता दोघंच जेवायला, आईचं जेवण नावाला, अर्धा किलोचा भेंडीचा ट्रे आम्ही संपवू शकत नाही, पावशेर मिळायला पाहिजे. भाजीवरचा लाईट साधा पांढरा करा. पाटीवर गाव आणि काढणीचा दिवस लिहा. बटाटा सावलीत न्या. आणि आपल्या महापालिकेला पण विनंती आहे, दुकानवाले लाखो रुपये घालून मंडईचा देखावा उभा करायला लागलेत तर खऱ्या मंडईत बसणाऱ्या बायकांना निदान चांगला उजेड, नळाचं पाणी आणि पावसात न गळणारं छप्पर मिळावं.

त्या मॅनेजर पोराला मी म्हटलंय, येत्या रविवारी लक्ष्मीपुरीच्या बाजाराला आमच्याबरोबर चल, आई पण येणार आहे, पेंडी कशी उभी करायची ते तिच्याकडनं बघ. सकाळी सातला येतो म्हणालाय.

आपला,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर