बाबांनी कबूल केलेला गूळ

फिनिक्स, ९ नोव्हेंबर

प्रिय बाळू,

परवा फोनवर तू म्हणालास, “सुटलास लेका एकदाचा त्या बर्फातनं. आता निवांत असशील.” मी “हो” म्हणालो आणि विषय बदलला. तेव्हापासून ते “हो” मनात सलतंय. तुझ्यापुढं मी कधी वरवरचं बोललो नाही, म्हणून आज चहा झाल्याझाल्या लिहायला बसलोय.

निवांत आहे हे खरंच. मुलगी दहा मिनिटांवर राहते, नातू शाळेतनं थेट आमच्याकडं येतो. स्मिताचं मनगट आता थंडीनं ठणकत नाही. ग्रीनफिल्डच्या घरासमोर ती पडली तो फेब्रुवारी तुला आठवत असेल. दिवसा वितळलेला बर्फ रात्री पुन्हा गोठला की रस्त्यावर काचेसारखा पातळ थर बसतो. खालचं डांबर तसंच दिसतं, पाय टाकेपर्यंत काही कळत नाही. हाड दोन ठिकाणी मोडलं. चोवीस वर्षांचं मॅसॅच्युसेट्स सोडून ॲरिझोनात मुलीजवळ जायचं, हे आम्ही त्या रात्री दवाखान्यातच ठरवलं. निर्णय चुकला असं मी आजही म्हणणार नाही. पण तिथलं जे माझ्याबरोबर आलं नाही, ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

पहिला मार्च महिना. तिथला मार्च म्हणजे नुसता चिखल. जमीन खोलवर गोठलेली असते, ती आधी वरनं सुटते आणि खाली घट्टच राहते, त्यामुळं पाण्याला मुरायला वाट नाही. कच्च्या रस्त्यावर गाडी आसापर्यंत रुतते. शेजारच्या व्हरमाँटमध्ये तर लोक ह्या दिवसांना पाचवा ऋतू म्हणतात. आणि ह्याच चिखलात मेपलचं गुऱ्हाळ सुरू होतं. मी गुऱ्हाळच म्हणतो त्याला. रात्री पारा शून्याखाली आणि दिवसा शून्याच्या वर, असं चाललं की मेपलच्या खोडात रस धावतो. खोडाला पेन्सिलीएवढं भोक पाडायचं, नळी ठोकायची, खाली बादली टांगायची. आता बहुतेक जण झाडाझाडांतनं प्लॅस्टिकच्या नळ्या ओढतात, पण आमच्या ओळखीचा ॲशफिल्डचा एक म्हातारा रस्त्याकडच्या झाडांना बादल्याच लावायचा. रस दिसायला पाणी. चाखलास तर गोड आहे का नाही अशी शंका येईल, शंभरात दोन भाग साखर.

२००५ च्या मार्चमध्ये बाबा आले होते तेव्हा त्यांना मी तिथं नेलं. लाकडाचं खोपटं, छपराच्या मधोमध झडपा उघड्या, त्यातनं वाफेचे लोट. आत शिरल्याशिरल्या बाबा जागच्या जागी थांबले. लांबलचक पसरट कढई, खाली लाकडाचा जाळ, आणि तो वास. म्हणाले, “अरे, हे तर चुलवाण.” पुढचा दीड तास ते माझे राहिले नाहीत. म्हाताऱ्याला मराठी नाही, बाबांना इंग्रजी नाही, आणि दोघांनी मला फारसं विचारलंही नाही. फेस वर चढायला लागला तसा म्हाताऱ्यानं लोण्याचा बारका तुकडा टाकला, फेस झटक्यात बसला. बाबांनी माझा दंड धरला. “बघ, आपण तेल सोडतो तसंच.” मग म्हातारा रुंद पळी बुडवून वर धरायचा. कडेवरनं थेंब सुटे पडत असले तर अजून वेळ आहे, थेंब एकमेकांना धरून पडद्यासारखे लोंबले की पाक झाला. आपला गुळव्या गार पाण्यात टाकून बोटात गोळी वळून बघायचा, तशीच मान तिरकी, तसेच बारीक केलेले डोळे.

चाळीस बादल्या रस आटवावा तेव्हा एक बादली पाक निघतो, हे सांगितल्यावर मात्र बाबा हादरले. “चाळीसाला एक? आणि वर सरपण? ह्याला परवडतं कसं?” मी ते इंग्रजीत म्हाताऱ्याला विचारलं. तो म्हणाला, “मार्चमध्ये दुसरं करायचं तरी काय?” बाबांना ते उत्तर पटलं. निघताना त्यानं बाहेरचा स्वच्छ बर्फ ताटात भरून आणला आणि वर गरम पाक ओतला. पाक गोठून चिवट होतो, काडीला गुंडाळून खायचा, आणि मधनंमधनं आंबट काकडीचा तुकडा, म्हणजे गोडाचा उबग येत नाही. बाबांनी काकडीला हात लावला नाही, पाक दोनदा मागून घेतला. आणि दोन्ही हातांनी आकार दाखवून म्हाताऱ्याला कबूल केलं, गावाकडनं गुळाचा रवा पाठवतो.

ते राहिलं. पुढच्या एप्रिलमध्ये बाबा गेले.

आमच्या घरामागं पाणथळ होती, तुला फोटोत दाखवली होती. तिथं पीपर नावाचा बेडूक असतो, बोटाच्या पेराएवढा. हिवाळाभर पालापाचोळ्याखाली अर्धा गोठून पडलेला असतो, खरोखर अंगातलं पाणी गोठतं त्याच्या, तरी मरत नाही. बर्फ गेल्यावर पहिली ऊबदार ओली रात्र आली की शीळ घालायला लागतो. एक नव्हे, शेकडो. लांबून ऐकलं तर कुणी घुंगरांचं पोतं हलवतंय असं वाटावं. दादाचा फोन आला ती त्या वर्षीची पहिलीच तसली रात्र होती. मी मागच्या पायरीवर बसून तुला फोन लावला आणि मला बोलता येईना, तेव्हा तू विचारलंस, “कसला आवाज येतोय रे मागं?” आठवतंय?

त्यानंतर दरवर्षी पहिली शीळ ऐकू आली की मी त्या पायरीवर जाऊन बसायचो. पंचांग काढून बघायची वेळ कधी आली नाही. इथं फिनिक्समध्ये आमच्या पहिल्याच एप्रिलात बाबांची तारीख उलटून गेल्यावर चार दिवसांनी माझ्या लक्षात आलं. दाढी करता करता. ब्रश तसाच हातात राहिला. मी स्मिताला सांगितलंसुद्धा नाही, तुलाच पहिल्यांदा सांगतोय.

तिथल्या पानझडीचे फोटो तू पाहिलेत, त्यामुळं तिचं कौतुक फार करत नाही. मोहॉक ट्रेल म्हणून डोंगरातनं जाणारा रस्ता आहे, १९१४ साली मोटारींसाठी खुला झाला, ऑक्टोबरात त्यावर गाड्यांची मुंगी-रांग लागते. पण एक गोष्ट मला तिथं गेल्यावर कळली आणि अजून तिचं नवल ओसरत नाही. पिवळा रंग पानात उन्हाळाभर असतोच, हिरव्याखाली दडलेला. हिरवं उतरलं की तो दिसतो. लाल तसा नाही. लाल रंग झाड त्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत नव्यानं तयार करतं, पान गळायला आलेलं असताना. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा मिळाला तर लाल असा पेटतो की आपला पळस आठवावा. आमच्या दारातल्या मेपलचं एक पान दरवर्षी मी आईला पाकिटातनं पाठवायचो. पोचेपर्यंत तपकिरी व्हायचं, तरी तिनं ती सगळी पोथीत ठेवली होती.

२०११ साली मात्र घात झाला. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २६ ऑक्टोबरला होतं. भाऊबीज झाली, आणि दुसऱ्याच दिवशी, २९ तारखेला, बर्फाचं वादळ आलं. झाडांवर पानं तशीच होती. उघड्या फांदीवरनं बर्फ घसरून जातो, पण प्रत्येक पानानं मूठभर ओला बर्फ धरून ठेवल्यावर फांदी किती पेलणार? रात्रभर फांद्या मोडल्याचे आवाज, बंदुकीचे बार काढावेत तसे. वीज गेली ती कितीतरी दिवस आली नाही, त्याबरोबर घर तापवायचं यंत्रही बंद. मुलांचा हॅलोविनचा सण गावोगावी पुढं ढकलला. शेजारच्या आजीबाई एकट्या होत्या, त्यांना आम्ही आमच्याकडं आणलं. दिवाळीच्या उरलेल्या पणत्या लावल्या, गोधड्या पांघरून चौघं एका खोलीत बसलो, चकल्या आणि शंकरपाळे खाल्ले. आजीबाईंना चकली फार आवडली. पुढं त्या दर ऑक्टोबरला विचारायच्या, तुमचा तो दिव्यांचा सण ह्या वर्षी कधी? माझी मुलगी आजही आपलं वय सांगताना म्हणते, “पणत्यांच्या बर्फात मी अकरा वर्षांची होते.”

आणि हिवाळा. बर्फ उपसून कंबर धरायची, डिसेंबरात सव्वाचारला सूर्य बुडायचा, जानेवारी संपता संपत नसे, हे सगळं खरं आणि त्याचा मला कंटाळाही यायचा. तरी वीस अंश उण्यात पहाटे बाहेर पाऊल टाकलं की कोरडा बर्फ बुटाखाली करकरतो, नव्या वहाणेसारखा, आणि त्या एका आवाजापलीकडं जगात दुसरा आवाज नसतो. ती शांतता मला कुठल्या देवळातही मिळाली नाही. उन्हाळा तिथं पाहुण्यासारखा. साडेआठपर्यंत उजेड, मक्याची कणसं, कुरणावर काजवे, आणि ऑगस्ट सरता सरता एखाद्या संध्याकाळी अंगावर बारीक शहारा येतो, की आलं, वळण आलं.

त्या वळणांसाठीच आम्ही सगळे तिथं कायम काहीतरी करत असायचो. नोव्हेंबरात गाडीची चाकं बदला, एप्रिलात परत बदला. पानं गोळा करा. लाकडं रचा. खिडक्यांना दुसऱ्या काचा लावा. त्या कामांना मी चोवीस वर्षं नावं ठेवली आणि आता ऑक्टोबर आला की हात शिवशिवतात. इथं आम्ही आलो त्या २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस पारा ४३ च्या वर होता, आणि ते संपल्यावर जे सुरू झालं त्याला उन्हाळाच म्हणावं लागतं, जरा सौम्य. घड्याळसुद्धा पुढंमागं करावं लागत नाही इथं. ऑक्टोबरात लोक सुकत चाललेलं जुनं गवत खरवडून त्यावर थंडीत हिरवं राहणारं दुसरं गवत पेरतात, म्हणजे अंगण बारा महिने एकाच रंगाचं. परवा दंतवैद्यानं विचारलं, ही दाढ कधी भरली होती? मला सांगता येईना. ग्रीनफिल्डमधलं असतं तर सांगितलं असतं, लायलॅक फुलला होता तेव्हा.

इथलं काहीच आवडत नाही असं समजू नकोस. जुलैत इथंही मॉन्सून म्हणतात तो येतो, आणि पहिली सर पडली की वाळवंटातल्या क्रिओसोट नावाच्या झुडपाचा असा वास सुटतो की मी गाडी थांबवून काचा खाली करतो. मार्चमध्ये रस्तोरस्ती संत्र्याच्या फुलांचा घमघमाट असतो. हळूहळू मी ह्यांनाही लक्षात ठेवायला शिकेन. नातवाला शिकवतोय, म्हणजे मलाही येईल.

आता काम सांगतो. येत्या मार्चमध्ये मी आठवडाभर तिकडं जाणार आहे, स्मिता इथंच थांबेल. ॲशफिल्डचा म्हातारा राहिला नाही, पण त्याचा मुलगा गुऱ्हाळ चालवतो, बादल्या अजून लावतो, आणि दरवर्षी मला पाकाचा एक डबा पाठवतो. डिसेंबरात तुझी भाची इकडं परत येतेय ना? तिच्याबरोबर गुळाचा एक रवा पाठव. दुकानातला नको, तुमच्या शेजारच्या मळ्यात ह्या महिन्यात चुलवाण पेटेल, तिथला पहिल्या आधणाचा घे. पांढराधोप दिसणारा नको, बाबा करायचे तसला तांबूस. फडक्यात नीट बांध, सामान तपासताना फुटायला नको. वीस वर्षं उशीर झालाय, पण तो मुलगा त्या दिवशी खोपटात लाकडं रचत होता, त्याला बाबांचे हात आठवतात. गेल्या वर्षी डब्याबरोबरच्या चिठ्ठीत त्यानं विचारलं होतं.

काकूंना नमस्कार सांग. वहिनींना म्हणावं, मेपलचा पाक थालीपिठाबरोबर खाऊन बघायला ह्या वेळी नक्की आणतो.

तुझाच,
आप्पा