एकशेसाठची वाट, चाळीसची गाडी

रत्नागिरी
18 जुलै 2025

प्रिय अव्या,

तुझा तो तणतणता मेसेज वाचला. ‘वीर स्टेशन सोडल्यापासून गाडी जी रांगायला लागली ती कणकवलीपर्यंत. एवढे डोंगर पोखरून काय मिळवलंत तुम्ही लोकांनी?’ फोनवर उत्तर दिलं असतं तर दुसऱ्या वाक्याला तू मधे तोंड घातलं असतंस, म्हणून लिहितोय. शिवाय चार दिवस पावसाने असा जोर धरलाय की साइट बंद. घरात बसून चहा पिऊन पिऊन तोंड आंबलंय. तूही सवडीने वाच.

आधी त्या ‘तुम्ही लोकांनी’बद्दल. कोकण रेल्वेची ती लाइन बांधली तेव्हा तू आणि मी कॉलेजात एकमेकांची ड्रॉइंग काचेवर ठेवून छापत होतो. 26 जानेवारी 1998 ला सबंध मार्गावर गाडी धावली, त्या दिवशी होस्टेलच्या टीव्हीसमोर तूच शिट्ट्या मारत होतास. मी नंतरच्या पंगतीतला. ठेकेदाराचा इंजिनिअर, काम उतार बांधायचं. डोंगर कापणारे कापून गेले, तो जागेवर कसा राहील ते आम्ही बघायचं. भांडी घासणाऱ्याला जेवणावळीबद्दल विचारलंस असं समज.

तर तुझा प्रश्न. पण तू तो अर्धाच विचारलास. खरी गंमत अशी आहे की ही लाइन ताशी 160 किलोमीटर वेगासाठी आखलेली आहे. हो, एकशेसाठ! रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत 741 किलोमीटर, चढ कुठेही 150 ला 1 पेक्षा जास्त नाही, वळणाची त्रिज्या 1250 मीटरच्या खाली नाही. म्हणजे एक मीटर वर चढायचं तर दीडशे मीटर पुढे जायचं. आता डोळे मिटून आपलं कोकण आठव. सह्याद्रीच्या सोंडा पूर्वेकडून समुद्राकडे उतरलेल्या, दोन सोंडांच्या मधे नदी किंवा खाडी. आणि गाडीला जायचंय उत्तरेकडून दक्षिणेकडे, म्हणजे प्रत्येक सोंडेला आडवं. जुना हमरस्ता काय करतो? कशेडी चढतो, उतरतो, परशुरामाला वळसा घालतो, डोंगराची मनधरणी करत जातो. रुळांना ती मुभाच नाही. डोंगर आला की बोगदा, दरी आली की पूल, आणि या दोन्हींच्या मधे एकतर उंच भराव नाहीतर खोल कटिंग, म्हणजे डोंगर वरून कापून काढलेली उघडी खिंड. नव्वदच्या वर बोगदे आणि दोनेक हजार लहानमोठे पूल हौस म्हणून बांधलेले नाहीत, सरळ रेषेचा हट्ट धरला की एवढं बिल येतंच.

लोक बोगद्यांचं आणि पुलांचं कौतुक करतात. इथून जवळच पानवलचा पूल आहे, 64 मीटर उंच, दरीत इतकी उंच फळ्या-बल्ल्यांची परांची उभी करायची कशाला म्हणून एका टोकाला तुकडे ओतत गेले आणि तयार झालेला पूल मागून ढकलत खांबांवर सरकवला. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर. हे सगळं खरंच देखणं काम आहे, पाहुण्यांना मी दाखवायला नेतो. पण अव्या, पावसाळ्यात माझी झोप पानवलमुळे जात नाही. काळ्या कातळातला बोगदा एकदा पाडला की बिचारा गप्प असतो. त्रास देते ती कटिंग. उघडी, दोन्ही बाजूंना उभी, वरून तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस घेणारी. आणि तोही चार महिन्यांत.

तुझ्या मामाची चिरेखाण आठवतेय? तिथे आपण मे महिन्यात क्रिकेट खेळायचो. वरचा जांभा बघ, भोकं भोकं असलेला. पाणी त्यातून चाळणीसारखं खाली जातं. त्याच्या खाली पिवळट-गुलाबी चिकट माती लागते, ती मात्र पाणी पुढे सोडत नाही. खाली कातळ. पाणी जांभ्यातून उतरलं आणि मातीवर येऊन अडलं की ती माती साबणासारखी होते आणि वरचा जांभा, त्यावरची झाडं, कधी एखादं गोठ्याचं छप्पर असं सगळं घेऊन रुळावर यायला बघते. डोंगर कधी आपणहून पडत नाही रे, पाणी त्याला पाडतं. आमच्या धंद्यात एवढी एक गोष्ट समजली की पुष्कळ समजलं. निवसर स्टेशनजवळ तर उलटी तऱ्हा, तिथे वरून काही येत नाही, खालचा भरावच खचतो. खडी टाका, रूळ उचला, पुन्हा खचतो.

त्याच मातीत बोगदा पाडायचा म्हणजे काय, ते गोव्यातल्या पेडण्यात बघायला मिळालं. भिजवलेल्या कणकेत बोट घालून भोक पाड आणि बोट काढून घे. काय होतं? तेच दीड किलोमीटर लांब. खणलेलं रात्रीत पुन्हा भरून यायचं. सगळी लाइन तयार आणि सावंतवाडी ते पेडणे एवढा तुकडा अडून बसलेला, तो जोडला गेला तेव्हा कुठे 1998 उजाडलं. माणसंही गेली त्यात. आणि बांधून झालं म्हणजे संपलं असंही नाही. 2020 च्या ऑगस्टमध्ये पहाटे त्या बोगद्याच्या भिंतीचा भाग ढासळला आणि गाड्या मिरज-लोंढ्यावरून फिरवाव्या लागल्या. गेल्या वर्षी जुलैत आत पाणी आणि गाळ आला. सव्वीस वर्षांनी! मातीची आठवण आपल्यापेक्षा पक्की.

आता तुझ्या रांगत्या गाडीकडे येतो. 22 जून 2003. वैभववाडीजवळ रात्री दरड कोसळलेली, बोगद्याच्या तोंडाशी दगड रुळावर, आणि कारवारहून मुंबईला निघालेली सुट्टीची खास गाडी त्यावर आली. पन्नासहून जास्त माणसं गेली. पुढच्याच वर्षी, 16 जूनला, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस रुळावरच्या दगडांमुळे घसरली, डबे पुलावरून खाली. दोन्ही वेळा पावसाळा नुकता लागलेला. पहिल्या पावसाची आम्हाला भीती वाटते ती उगाच नाही. उन्हाने तडे गेलेले असतात आणि त्यात पाणी पहिल्यांदा शिरतं.

त्यानंतर या लाइनवर जे काही केलं गेलं ते खिडकीतून तुला दिसलं असणार, पण तू मोबाइलमध्ये डोकं घालून बसला असशील. उभे उतार कापून पायऱ्यांसारखे मागे नेले. दगड अडवायला पोलादी जाळ्या. जिथे खडक सुटा आहे तिथे लांब सळया आत ठोकून तो मागच्या खडकाला टाचला. उतारांवर वाळा लावला, तोच आपल्या माठातला वाळा. त्याची मुळं सरळ खाली जातात. आणि माथ्यावर चर, पाणी कटिंगमध्ये उतरूच नये म्हणून. या सगळ्यात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कामाचं काय विचारशील तर मी चर म्हणेन. पण चराचा फोटो कोणी काढत नाही, त्याच्या उद्घाटनाला कोणी येत नाही, आणि दर मेमध्ये त्यातला पाचोळा उपसायला माणूस लागतो.

मला हे पुस्तकातून कळलं नव्हतं. एका घाटरस्त्याच्या कामावर, नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, मी एक उतार सिमेंटचा फवारा मारून असा गुळगुळीत केला होता की बघत राहावं. आराखड्यात पाणी बाहेर पडायच्या नळ्या दर दोन मीटरवर होत्या. घाई होती, पाऊस तोंडावर, मी म्हटलं एकाआड एक ठेवू. आमचे मुकादम, साठीच्या पुढचे, सही न येणारे, म्हणाले, “साहेब, भिंतीला नाक ठेवा, नाहीतर ती तोंडाने श्वास घेईल.” मी हसलो. जुलैत त्या भिंतीला पोट आलं. खरंच पोट, बाळंतपण जवळ आलेल्या बाईसारखं. मुकादमांनी मला लांब उभं केलं, बाजूला शिडी लावली आणि पहारेने एकच घाव घातला. भोकातून जी धार सुटली ती रस्ता ओलांडून पलीकडच्या कठड्यावर जाऊन आदळली. पाऊण तास ती धार चालू होती. त्यांनी मला एक शब्द सुनावला नाही, बिडी पेटवली फक्त. त्या पाऊण तासात मी जेवढं शिकलो तेवढं कॉलेजच्या चार वर्षांत शिकलो नव्हतो.

म्हणूनच पुढे एका रात्री कणकवलीच्या वरच्या अंगाला गस्तवाल्याबरोबर चालायची संधी आली तेव्हा मी हट्टाने गेलो. आमच्या जाळ्यांचं काम त्या कटिंगमध्ये झालेलं, निमित्त ते. पाऊस असा की बॅटरीचा झोत चार पावलांवर विरघळायचा. गस्तवाल्याच्या अंगावर रेनकोट, खांद्याला पिशवी, पिशवीत झेंडे, शिट्टी आणि फटाके. हे फटाके दिवाळीतले नव्हेत. रुळावर बसवायचे, चाक गेलं की आवाज होतो आणि ड्रायव्हरला कळतं की पुढे धोका. दरड दिसली तर 600 मीटर पळून जाऊन एक लावायचा, मग 1200 मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. अंधारात, ओल्या खडीवरून. आणि सिंगल लाइन, गाडी कोणत्याही बाजूने येणार. वॉकीटॉकी आहे आता, पण फटाके पिशवीतून गेलेले नाहीत.

तर तो माणूस चालताना रुळाकडे कमी आणि भिंतीकडे जास्त बघत होता. एका ठिकाणी थांबला. बॅटरी एका नळीवर धरली. मी बघितलं, मला काही दिसेना. नळी कोरडी. मनात म्हटलं, उत्तम.

तो म्हणाला, “काल हयसून धार लागलेली. आज पाणी गेला खंय?”

अव्या, त्या पावसातही मला घाम फुटला. नळीतून स्वच्छ पाणी येतंय तोवर ठीक. लाल गढूळ यायला लागलं तर आत माती निघतेय. पण काल वाहणारी नळी भर पावसात कोरडी, याचा अर्थ पाणी आत कोंडतंय आणि ते दुसरीकडून वाट काढणार. माझ्या भिंतीचं पोट मला आठवलं. त्याने स्टेशनला कळवलं. पुढची गाडी त्या पट्ट्यातून पायी चालल्यासारखी काढली. आम्ही दोघं भिंतीला न टेकता उभे, खिडक्यांचे पिवळे चौकोन एकेक करून समोरून सरकत गेले. एका खिडकीत कोणीतरी आमच्याकडे बघून हात उडवून काहीतरी म्हणालं, बहुतेक तू जे लिहिलंस तेच. उजाडल्यावर नळीत सळई घातली, चिकट मातीचा गोळा निघाला आणि मागून लाल पाणी भसकन आलं. झालं काहीच नाही. कुठे बातमी नाही, काही नाही.

आणि हा तुझ्या चाळीसचा हिशेब. पावसाळी वेळापत्रकात वीर ते कणकवली 75 ची मर्यादा, कारण बहुतेक खोल कटिंग त्याच टप्प्यात आहेत. पाऊस इतका आला की समोरचं धड दिसेना, तर 40. ताशी शंभरने जाणारी गाडी सेकंदाला अठ्ठावीस मीटर पुढे जाते, चाळीसने अकरा. आणि थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे शंभरच्या गाडीला चाळीसच्या सव्वासहापट. ड्रायव्हरला दिव्याच्या उजेडात दगड दिसेल तेवढ्यातच गाडी उभी राहिली पाहिजे, एवढाच तो हिशेब. तुला तो रांगणं वाटला, चालेल.

तू म्हणशील, मग डोंगरच असा बांधा ना की काही पडणार नाही. सगळ्या कटिंगवर छत घाला, सगळ्या उतारांचा कोन कमी करा. काही ठिकाणी ते करायलाच हवं आणि अजून व्हायला हवं, हे मी कुठेही बोलेन. पण उतार मागे न्यायचा म्हणजे वरची जमीन हवी, आणि वर कोणाच्या तरी कलमांच्या बागा असतात. प्रत्येक मीटरला एक घर, एक सातबारा, चार भाऊ.

पुलांचं मी फार लिहीत नाही, ते तुझं खातं. पण 2 ऑगस्ट 2016 ची महाडची रात्र तू विसरला नसशील. सावित्रीवरचा जुना दगडी पूल गेला आणि त्याबरोबर दोन एसट्या. नवीन पूल 165 दिवसांत उभा राहिला याचं कौतुक झालं, व्हायलाच हवं. मला मात्र तेव्हा सारखं वाटत होतं की जुन्याच्या पायथ्याशी पाणी किती वर्षं घासत होतं ते बघायला पाण्यात उतरणाऱ्या माणसाचं खातं कोणतं? वरून कठडा रंगवलेला असतो. गाडीत बसून पूल तपासता येत नाही एवढंच मला म्हणायचंय, आणि तुझ्या खात्यातल्या साहेबांना तू हे वाचून दाखवलंस तरी माझी हरकत नाही.

असो. फार झालं. गणपती 27 ऑगस्टला आहेत, म्हणजे तू पुन्हा त्याच रांगत्या गाडीने येणार. या वेळी डोंगराच्या बाजूची खिडकी घे. वैभववाडीच्या आसपास गाडी हळू झाली की भिंतीवरच्या नळ्या बघ. किती वाहतायत, किती कोरड्या, पाण्याचा रंग काय. मोजून ये, मी विचारणार आहे. वैशू म्हणतेय तवशी यंदा वेलाला भरपूर लागलीत, तवसोळीसाठी राखून ठेवते. वहिनींना आणि पिल्लाला घेऊन ये, एकटा आलास तर स्टेशनवरूनच परत पाठवीन.

तुझा,
सुध्या

ता. क. : माझी जुनी पहार तुझ्याकडे गॅरेजमध्ये पडलीय, ती आण. गाडीत चढवताना कोणी विचारलं तर काय सांगायचं ते तू बघ.