नाताळचा फराळ केकपुरता नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत नाताळच्या मेजवानीविषयी आलेला लेख वाचला. टर्की, पुडिंग आणि प्लम केक यांची माहिती लेखकाने मनापासून दिली आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार एवढीच की बेळगाव आणि खानापूर भागातल्या ख्रिस्ती घरांत या दिवसांत चुलीवर प्रत्यक्ष काय असते, याचा त्यात एका ओळीनेही उल्लेख नाही. टर्की हा मुळात अमेरिका खंडातला पक्षी. इंग्रजांच्या मेजावर त्याला नाताळचा मान मिळाला तो त्यांचा भाग झाला. माझे सगळे आयुष्य कॅम्प भागात गेले, पण टर्की रांधलेली मी कोणाकडे पाहिली नाही.

आमच्याकडचे नाताळचे ताट एकसारखे नाही, कारण येथील ख्रिस्ती समाजच निरनिराळ्या वाटांनी येथे आला. गोव्यातून घाट चढून आलेली कोकणी बोलणारी कॅथलिक घराणी, १८२० पासून लंडन मिशनचे काम बेळगावात सुरू झाल्यानंतर ख्रिस्ती झालेली मराठी व कानडी प्रॉटेस्टंट कुटुंबे आणि १८३२ साली बसलेल्या छावणीमागोमाग आलेली गोऱ्यांची बेकरी, या सर्वांची चव आजही वेगवेगळी ओळखू येते. रममध्ये भिजवलेल्या मनुकांचा केक हा यातल्या शेवटच्या वाटेने आलेला पाहुणा आहे. तो आता सर्वांचा लाडका झाला हे खरे, पण घरचा फराळ त्याच्या आधीपासूनचा.

कोकणी घरांत नेवऱ्यो (म्हणजे करंज्या), कुलकुल, दोस (हरभऱ्याची डाळ आणि नारळाच्या वड्या), बेबिंक आणि दोदोल यांच्याशिवाय नाताळ होत नाही. त्यातही दोदोल म्हणजे कसोटी. तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि माडाचा काळा गूळ जाड बुडाच्या भांड्यात एकत्र करून मंद आचेवर घोटत राहायचे. मिश्रण कडा सोडून गोळा होईपर्यंत आणि त्याच्या अंगचे तेल सुटेपर्यंत हात थांबवायचा नाही, नाहीतर खाली लागलेच म्हणून समजावे. हे काम एकटीच्याने होत नाही, म्हणून जावा-नणंदा पाळीपाळीने उलथने हातात घेतात. माडाचा गूळ घाटावर सहज मिळत नसल्याने चोर्ला घाटातून येणाऱ्या नातलगाला आधीच सांगून ठेवावे लागते, आणि तो विसरलाच तर आपल्या जिल्ह्यात मुबलक असलेल्या उसाच्या गुळावर भागवावे लागते. त्या दोदोलचा रंग उतरतो, पण चव मुळीच वाईट नसते, असे माझे मत. आमच्या म्हापशाच्या आत्याला ते शेवटपर्यंत पटले नाही.

कुलकुल हे मात्र मुलांचे काम. मैदा, अंडे आणि नारळाचे दूध घालून मळलेल्या पिठाची सुपारीहून लहान गोळी घ्यायची, ती कोऱ्या कंगव्यावर किंवा काट्याच्या पाठीवर दाबून पसरायची आणि कडेने गुंडाळत आणायची, की तिच्यावर बारीक रेघा उमटतात. मग तळण आणि साखरेचा पाक. बेबिंकला २०२३ मध्ये गोव्याच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आनंद घाटावरच्या घरांनाही झाला. अंड्यांचे पिवळे बलक, साखर, नारळाचे दूध आणि थोडा मैदा यांचा एक थर भाजून झाल्यावर तूप सोडून त्यावर दुसरा ओतायचा, असे किमान सात थर. पूर्वी वरून आच देण्यासाठी झाकणावर निखारे ठेवीत. आजकाल बिनअंड्याच्या बेबिंकची चौकशी होते असे ऐकते. केक बिनअंड्याचा होईल, बेबिंक कसे व्हावे हे मला समजत नाही.

सामिष जेवणाविषयीही आपल्या लेखात काही नव्हते. चोवीस तारखेला पूर्वी कॅथलिकांना उपवास असे आणि मांस वर्ज्य असे. १९६६ मध्ये चर्चने हे नियम सैल केले, तरी आमच्या आधीच्या पिढीने मध्यरात्रीच्या मिस्सापर्यंत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेपर्यंत, ते पाळले. सोरपोतेल मात्र त्याच्या आधीच दोन-तीन दिवस शिजवून ठेवलेले असते, कारण डुकराचे मांस आणि काळीज यांना शिर्का (व्हिनेगर) आणि मसाला मुरायला तेवढा वेळ द्यावाच लागतो, आणि रोज एकदा गरम केल्याने त्याची चव वाढतच जाते. सोबतच्या सान्नांसाठी, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या इडलीसारख्या पदार्थासाठी, गोव्यात पिठात माडाची सूर (ताडी) घालतात. येथे ती नसल्याने यीस्टवर काम भागते.

मराठी प्रॉटेस्टंट घरांत डुकराचे मांस सहसा नसते. तेथे मटणाचा रस्सा आणि पुलाव असतो, आणि फराळाला करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या, बेसनाचे लाडू. हा दिवाळीचाच फराळ, असे काही जण हसून म्हणतात. तो तसाच असणार. धर्म बदलला म्हणून घरातला सोऱ्या आणि कातण कोणी बदलले नाही. उलट यामुळेच शेजारात देवघेव सोपी झाली: दिवाळीला ज्या घरून ताट आले त्या घरी नाताळला क्रोशाच्या रुमालाने झाकलेले ताट जाते, आणि ते रिकामे परत येत नाही, आयत्या वेळी काहीच नसले तरी मूठभर साखर घातलेली असते.

आपली पुरवणी दिवाळीपूर्वी जिल्ह्यातल्या गृहिणींकडून पाककृती मागवते. तशाच त्या नाताळसाठी मागवाव्यात, आणि कॅम्प, खानापूर या भागांतल्या ज्येष्ठ स्त्रियांकडे आपला वार्ताहर पाठवावा, कारण यातले बरेचसे प्रमाण कोठे लिहिलेले नाही, ते ‘अंदाजाने’ या एका शब्दात आहे. एक विनंती मात्र आवर्जून करते. हे सर्व चोवीस डिसेंबरच्या अंकात छापू नये. त्या दिवशी आमचे फराळाचे डबे भरून झालेले असतात. मनुका भिजतात आणि गूळ आणायचे निरोप जातात ते नोव्हेंबरअखेरीस, तेव्हा पुरवणीही त्याच सुमारास निघावी.

आपली,
एक वाचिका
कॅम्प, बेळगाव