मळमळीबद्दल मराठीत कोणी सांगेल का?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मधुमेह आणि वजनासाठी आठवड्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनाचे पेन आमच्या इमारतीत तिघांच्या फ्रीजमध्ये आहे. त्यातले एक घर आमचे. माझे यजमान ६३ वर्षांचे. टिर्झेपॅटाइड नावाचे हे औषध २०२५ च्या मार्चमध्ये भारतात आले, त्यानंतर काही महिन्यांनी त्यांनी ते सुरू केले. पहिले चार आठवडे २.५ मिलिग्रॅमवर नुसती भूक मंदावली. पाचव्या आठवड्यात डोस ५ झाला आणि मळमळ सुरू झाली. मी फोडणीत मोहरी टाकली की हे उठून गॅलरीत जायचे. पित्त समजून आम्ही कोकम सरबत देत राहिलो. क्लिनिकमध्ये ‘होईल कमी’ एवढेच सांगितले होते. ते खोटे नव्हते, पण आमचे त्याने भागले नाही.

त्यात संकष्टी आली. यांनी सकाळी नेहमीची साखर उतरवणारी गोळी, ग्लिमेपिराइड, घेतली आणि दिवसभर उपास केला. चंद्रोदयानंतर पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि वरून तूप घालून तीन मोदक. रात्री एकपासून उलट्या. पहाटे पाणीही पोटात टिकेना, जीभ कोरडी, अंगाला दरदरून घाम. ग्लुकोमीटरवर ६२, म्हणजे साखर फारच उतरलेली. साखरेचे पाणी चमच्याचमच्याने पाजताना माझा हात थरथरत होता.

दुसऱ्या डॉक्टरांनी नीट बसवून समजावले. या औषधाने पोटातले अन्न पुढे सरकायला वेळ लागतो आणि मेंदूलाही पोट भरल्याची खूण लवकर पटते. त्यामुळे जास्त किंवा तळकट खाल्ले की ते उलटते. डोस वाढला की हा त्रास जास्त, पुढे शरीर सरावते. त्यांनी डोस पुन्हा २.५ वर आणला, ग्लिमेपिराइड कमी केली आणि उपास बंद करायला सांगितले. आता ताटात एक पोळी, मुगाचे वरण, थोडी भाजी. पोट भरले असे वाटायच्या दोन घास आधीच हे हात धुतात. इंजेक्शनाच्या दुसऱ्या दिवशी तर मऊ भात आणि पातळ ताकच. पाणी दिवसभर घोटघोट. जेवून लगेच आडवे न होता मासुंदा तलावाला सावकाश एक फेरी. दीड महिन्याने डोस पुन्हा ५ झाला, तेव्हा मोहरी तडतडली तरी हे जागचे हलले नाहीत.

पोटातली जोराची कळ पाठीत जाऊ लागली किंवा पाणीही टिकेना, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता लगेच डॉक्टर गाठावा, हेही आम्हाला तेव्हाच कळले. स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते आणि अंगातले पाणी कमी झाले की मूत्रपिंडावर ताण येतो.

हे सगळे पहिल्याच दिवशी का सांगू नये? औषधाच्या दुकानात बर्फाच्या पिशवीसह पेन हातात देऊन ‘फ्रीजमध्ये ठेवा’ एवढेच सांगितले. आतला कागद इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत. आमच्या शेजारणीने मळमळीला कंटाळून कोणालाही न विचारता तिसऱ्या आठवड्यात इंजेक्शन सोडले, आता तिची साखर पुन्हा वर आहे.

डॉक्टरांनी आणि औषध विक्रेत्यांनी अर्ध्या पानाची मराठी सूचना चिठ्ठीबरोबर द्यावी, ही कळकळीची विनंती. काय खावे, उपासाचे काय करावे, साखर उतरली तर काय द्यावे आणि डॉक्टरांना कधी फोन करावा, एवढे त्यात पुरे. तोवर आपल्या आरोग्य पुरवणीत एखाद्या तज्ज्ञाकडून लिहून घेऊन ती ठळक अक्षरांत छापाल का? कापून फ्रीजच्या दारावर लावीन, आणि एक प्रत शेजारणीलाही देईन.

— एक वाचक, नौपाडा, ठाणे (प.)