विषय: न विचारता वितळवलेल्या दोन बांगड्या, चुकीचा कस आणि आजीबद्दल काढलेले शब्द

व्यवस्थापक महोदय,

आज दुपारी केलेला फोन सातवा होता. आठवा करणार नाही, म्हणून हे पत्र.

सोन्याचा कस, म्हणजे शुद्धता, कसा लावतात आणि वितळवल्यावर कमी होणारं वजन, म्हणजे घट, कशी धरतात हे मी तुम्हाला समजावण्याची गरज नाही. जुने दागिने मोडीत घेणं हाच तुमचा धंदा आहे. म्हणून थेट घडलं ते सांगते.

घरातल्या आजारपणासाठी पैसे हवे होते. आजीच्या चार बांगड्या आणि हिऱ्याचं एक पदक घेऊन मी तुमच्या दुकानात आले. तुमच्या माणसाने पदक काट्यावर ठेवलं आणि खड्याचं वजन म्हणून सरळ १ ग्रॅम वजा केला. हिऱ्याचा १ कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. १ ग्रॅम म्हणजे ५ कॅरेटचा हिरा, जवळजवळ करंगळीच्या नखाएवढा. आमचा खडा जेमतेम ४ मिलिमीटरचा आहे, पाव कॅरेटच्या आसपास. हे बोलून दाखवल्यावर तो म्हणाला, "सगळ्यांचा असाच धरतो." मी पदक परत घेतलं.

ही बाचाबाची चालू असताना दुसरा माणूस "तपासून आणतो" म्हणून दोन बांगड्या आत घेऊन गेला. मी तपासायला दिल्या होत्या. वितळवायला नाही. वीस मिनिटांनी तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात चपटा, काळपट कडांचा एक गोळा होता.

त्या बांगड्यांवर वेल कोरलेली होती. आतल्या बाजूला आजीच्या नावाचं पहिलं अक्षर होतं, मनगटावर घासून घासून इतकं पुसट झालेलं की उजेडात तिरकं धरल्याशिवाय दिसायचं नाही. एक बांगडी किंचित लांबट झाली होती, कारण आजी एकदा त्याच हातावर पडली होती. मी ती बांगडी विकायला आणली होती हे खरं आहे. पण भाव पटला नाही तर ती परत घरी नेण्याचा हक्क मला होता. तो तुम्ही वितळवायच्या मुशीत घातलात.

आता हिशेब. आत जाण्यापूर्वी तुमच्याच काट्यावर दोन्ही बांगड्यांचं वजन २४.३० ग्रॅम भरलं. गोळा भरला २३.१० ग्रॅम. १.२० ग्रॅम "घट". सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं, उकळायला २८०० अंशांच्या वर जावं लागतं. तुमच्या भट्टीत ते हवेत उडून जात नाही. मळ आणि पोकळ दागिन्यात भरलेली लाख जळते हे मान्य. पण या बांगड्या भरीव होत्या, लाखेचा प्रश्नच नव्हता, आणि मी त्या धुऊन आणल्या होत्या. बरं, मळच जळाला असं धरलं, तर मागे राहिलेल्या धातूचा कस वाढायला हवा. तुम्ही मळ म्हणून वजनही कापलं आणि कसही कमीच धरला. एकाच कारणासाठी दोनदा कापलंत.

तुम्ही धरलेला ८३.३ टक्के कस कुठून आला, तेही सांगते. वितळवण्याआधी कस मोजणाऱ्या मशीनचा किरण बांगडीच्या जोडावर धरला होता. मशीन फक्त वरचा पातळ थर वाचतं, आणि जोड झाळलेला, म्हणजे डाक लावून सांधलेला असतो, तिथे हलका धातू मिसळलेला असतो. हे तुमच्या कालच लागलेल्या मुलालाही माहीत असायला हवं. उरलेल्या दोन बांगड्या मी दुसरीकडे तीन जागी तपासून घेतल्या, जोड सोडून: ९१.४, ९१.७, ९१.५. चारही एकाच कारागिराने एकाच वेळी घडवलेल्या. २४.३० ग्रॅमवर बावीस कॅरेटच्या ९१.६ टक्क्यांनी शुद्ध सोनं होतं २२.२६ ग्रॅम. तुम्ही २३.१० ग्रॅमवर ८३.३ टक्क्यांनी मान्य केलंत १९.२४. तीन ग्रॅमचा फरक आहे. गोळा वितळून एकजीव झाला होता, त्याचाच कस पुन्हा लावा, एवढंच मी मागत होते. त्याला नकार. पैसे मी घेतलेले नाहीत आणि गोळा अजून तुमच्याकडेच आहे.

आणि आता आजचा फोन. तुमच्या तक्रार विभागातल्या गृहस्थांनी आधी माझं नाव तीनदा विचारलं. मग पावती क्रमांक. मग पुन्हा नाव. मी सगळा हिशेब वाचून दाखवला. ते मध्येच म्हणाले, "ताई, एवढ्याशासाठी सात फोन?" मी म्हटलं, उरलेल्या दोन बांगड्यांचा कस वेगळा निघाला आहे, त्याचं काय? थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "मग तुमच्या आजीलाच सोनाराने गंडवलं असेल. जुन्या बायकांना काय कळायचं? पिवळं दिसलं की खूश." मागे कुणीतरी हसलं. मला ते स्पष्ट ऐकू आलं. मी काही बोलण्याआधीच त्यांनी फोन संगीतावर टाकला. चार मिनिटांनी परत येऊन विचारलं, "अजून काही?"

जुन्या बायकांना काय कळायचं! माझ्या आजीने शिवणकाम करून, एकेक बांगडीचे पैसे वेगळे बाजूला ठेवून या चार केल्या. सोनाराच्या समोर बसून त्या घडवून घेतल्या. प्रत्येकीचं वजन तिला मरेपर्यंत तोंडपाठ होतं. तिला गंडवणारा सोनार तेव्हा भेटला नाही. आम्हाला मात्र आता तुमचं दुकान भेटलं.

तुमच्याकडे मी पाटी वाचून आले नव्हते. माझ्या आईने वर्षांपूर्वी तुमच्याच दुकानात चांदीचं ताट मोडलं होतं आणि तेव्हाच्या माणसाने तिला काट्याचा आकडा स्वतः वाचायला लावला होता. त्या विश्वासाने मी आले होते. आईला अजून हे सांगितलेलं नाही.

मला हवं आहे ते असं: तो गोळा माझ्या डोळ्यांसमोर तिसऱ्या, स्वतंत्र ठिकाणी तपासला जावा आणि त्या कसाने २४.३० ग्रॅमचा हिशेब व्हावा. १.२० ग्रॅम कुठे गेला ते लेखी कळवावं. न विचारता बांगड्या का वितळवल्या, याचंही लेखी उत्तर हवं. आणि फोनवरच्या त्या गृहस्थांनी माझ्या आजीबद्दल बोललेले शब्द मागे घ्यावेत.

पंधरा दिवस थांबते. त्यानंतर ग्राहक न्यायालय, आणि काट्यासाठी वजन-मापं तपासणारं खातं. सुरुवातीच्या वजनाची पावती आणि उरलेल्या दोन बांगड्यांचे तपासणी अहवाल सोबत जोडले आहेत. मूळ प्रती माझ्याकडेच आहेत. त्या तुमच्या दुकानात पुन्हा कुणाच्या हातात देणार नाही.

तक्रारदार ग्राहक