संग्रहालयात बसायला जागा हवी

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत दिवाळीच्या सुटीत सहकुटुंब कुठे जावे, याविषयी माहिती येत आहे. तिच्यात थंड हवेची ठिकाणे आहेत, समुद्रकिनारे आहेत, देवस्थाने तर आहेतच. वस्तुसंग्रहालये आणि कलादालने मात्र ‘वेळ उरल्यास’ पाहायची म्हणून एखाद्या ओळीत उरकलेली आहेत. मी चाळीसगावचा चित्रकार असून शाळेत चित्रकला शिकवतो. गेल्या दिवाळीत आई, पत्नी आणि दहा वर्षांची लेक यांना घेऊन मी पुण्या-मुंबईला गेलो, तो केवळ संग्रहालये पाहण्यासाठी. त्याआधीची दोन वर्षे माझ्या हातून नवे असे काही झाले नव्हते. गणेश मंडळांचे पडदे, दिवंगतांची व्यक्तिचित्रे, दिवाणखान्यात लावायचे देखावे, असा मागणीप्रमाणे पुरवठा चालू होता आणि रंगपेटी उघडताना मन मुळीच हलत नव्हते. त्या सहलीने हे बदलले. ते कसे, हे थोडे सविस्तर सांगण्याची परवानगी द्यावी, कारण माझी मागणी त्यातूनच निघते.

पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात आम्ही सकाळी शिरलो. दिनकर केळकर यांनी आपल्या अकाली गेलेल्या राजा नावाच्या मुलाच्या स्मरणार्थ हा संग्रह उभा केला आणि १९७५ साली तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला, हे वाचून ठाऊक होते. प्रत्यक्षात जे पाहिले त्याची मात्र कल्पना नव्हती. दिवे, अडकित्ते, फण्या, कुंकवाचे करंडे, दौती, स्वयंपाकाची भांडी. राजेरजवाड्यांच्या तलवारींपेक्षा घरातल्या बायामाणसांच्या हातातल्या वस्तूच अधिक. माझी आई एरवी अशा ठिकाणी दाराजवळच्या बाकावर बसून राहणारी. ती पितळी वज्र्यांच्या कपाटापाशी थांबली ती हलेनाच. अंघोळीच्या वेळी टाचा घासायची वज्री, वर पक्ष्याचा आकार आणि खालचा भाग खरखरीत, ही नव्या पिढीला सांगून समजणार नाही. आई म्हणाली, “आपला घर बी व्हती ना अशी. मी मोडमा दी टाकी.”

मी वही काढली आणि त्या वज्रीसमोर उभ्याउभ्याच रेखाटन सुरू केले. पहिल्या दहा मिनिटांत नुसता आकार आला. पुढच्या दहा मिनिटांत लक्षात आले की, पक्ष्याच्या पाठीवरची पिसांची कोरीव नक्षी दोन्ही बाजूंना ठसठशीत आहे, पण मध्यावर, जिथे अंगठा टेकतो तिथे, ती झिजून पार गुळगुळीत झाली आहे. कारागिराने केलेला आकार एक आणि वापरणाऱ्या बाईच्या अंगठ्याने वर्षानुवर्षे घडवलेला दुसरा, असे दोन आकार त्या एकाच वस्तूत होते. हे फोटोत दिसले नसते असे नाही. मी पाहिले नसते, एवढेच. तेव्हापासून मी जी चित्रमालिका करत आहे तिचे मूळ त्या झिजलेल्या मध्यभागात आहे.

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात हीच गोष्ट वेगळ्या रीतीने घडली. १९२२ साली खुल्या झालेल्या त्या वास्तूचा घुमट पाहूनच लेकीची मान दुखू लागली होती. तिथे सिंधमधील मीरपूरखासच्या स्तूपावरची, हाती कमळ घेतलेली भाजक्या मातीची पुरुषमूर्ती आहे. लेक म्हणाली, “बाबा, हा तर अजिंठ्याचा!” अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी तिने शाळेच्या पुस्तकात पाहिला होता. माती आणि रंग, सिंध आणि वाघूर नदीचे खोरे, इतके अंतर असूनही कमळाचा देठ धरणाऱ्या बोटांची नजाकत तीच, हे मुलीने ओळखले याचा बाप म्हणून आनंद झाला आणि चित्रकार म्हणून थोडी लाजही वाटली. कारण अजिंठा जळगावहून तासा-दीड तासावर असताना मी तिला तिथे एकदाही नेले नव्हते.

आता तक्रार. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्याच एका शहरातील सरकारी संग्रहालयात, मी भिंतीला टेकून खाली बसलो आणि पेन्सिलीने एक मूर्ती रेखाटू लागलो, तेव्हा पहारेकऱ्याने मला उठवले. चित्र काढायचे असेल तर लेखी परवानगी आणा, म्हणाला. परवानगी देणारे साहेब त्या दिवशी रजेवर होते. मोबाइलवर पटापट फोटो काढणाऱ्यांना कोणी हटकत नव्हते. बसायला एक स्टूलही त्या दालनात नव्हते. पहारेकऱ्याला मी दोष देत नाही, त्याला जसे सांगितले होते तसे तो वागला. परंतु पाहणाऱ्याने चालत राहावे, थांबू नये, बसू तर नयेच, अशीच व्यवस्था आपल्या बहुतेक दालनांत आहे आणि तिचा सर्वाधिक तोटा चित्रकाराला, शिकणाऱ्या मुलांना आणि माझ्या आईसारख्या गुडघे दुखणाऱ्या माणसांना होतो.

बसून नक्कल करणे ही काही उपटसुंभ मागणी नव्हे. अजिंठ्याची कीर्ती जगभर गेली ती अशाच नकलांमुळे. रॉबर्ट गिल हा लष्करी अधिकारी १८४४ पासून कित्येक वर्षे त्या लेण्यांतली चित्रे कापडावर उतरवत होता. त्यातली बहुतेक चित्रे १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेली. गिल १८७९ साली वारला आणि त्याची कबर आपल्या भुसावळात आहे, हे भुसावळकरांनाही फारसे ठाऊक नसते. पुढे जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा नकला केल्या आणि त्यांतल्याही बऱ्याच पुढे लंडनमधील दुसऱ्या एका आगीत जळाल्या. कागद-कापड जळाले, पण जे. जे.च्या त्या मुलांनी भित्तिचित्रांपुढे महिनोन्‌महिने बसून जो हात कमावला तो जळाला नाही. धुळ्याजवळच्या गोंदूर येथे १९२५ साली जन्मलेले शिल्पकार राम सुतार हेसुद्धा तरुणपणी पुरातत्त्व खात्याच्या नोकरीत अजिंठा-वेरूळच्या शिल्पांच्या डागडुजीत होते. अजिंठ्यात आज माणसांच्या श्वासाने आणि दमटपणाने रंगांना धोका आहे, म्हणून तिथे गर्दी आणि वेळ यांवर बंधन असावे, हे मला पूर्ण मान्य आहे. तोच नियम पितळी वज्रीला किंवा दगडी मूर्तीला लावण्याचे मात्र कारण दिसत नाही.

आमच्या गावाचीच गोष्ट घ्या. कलामहर्षी केकी मूस यांनी आयुष्याची कित्येक दशके चाळीसगाव स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्याबाहेर क्वचितच पाऊल टाकले आणि मेजावर किरकोळ वस्तू मांडून, त्यांच्यावर प्रकाश खेळवून त्यांनी नावाजलेली छायाचित्रे केली. शाळेत असताना तो बंगला मी ओळीत उभा राहून वीस मिनिटांत पाहिला होता आणि घरी येऊन विसरलो होतो. पुण्याहून परतल्यावर पुन्हा गेलो, तेव्हा कुठे समजले की किरकोळ वस्तूंकडे इतक्या निष्ठेने पाहणारा माणूस आपल्याच गावात १९८९ पर्यंत राहत होता.

म्हणून विनंती अशी की, खान्देशातील शाळांनी वार्षिक सहलीतला निदान अर्धा दिवस धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाचे संग्रहालय किंवा मूस यांचा बंगला यांसाठी ठेवावा, तोही धावता नव्हे: प्रत्येक मुलाने एकच वस्तू निवडावी आणि तिच्यासमोर तासभर बसून ती काढावी. राज्यातील संग्रहालयांच्या चालकांनी प्रत्येक दालनात दोन-चार स्टुले ठेवावीत आणि पेन्सिल-वहीला परवानगीची अट नसल्याची पाटी दारातच लावावी. याला फारसा खर्च नाही. शाई आणि जलरंग यांना मनाई ठेवली तरी चालेल.

माझ्या मालिकेत आतापर्यंत पुरणाच्या पोळ्या भाजायला चुलीवर पालथे घालतात ते मातीचे खापर, शेवयांचा पाट, रवी आणि आजीचा अडकित्ता झाला आहे. खापराने सर्वांत जास्त दिवस घेतले, कारण धुराने काळवंडलेली त्याची आतली बाजू आणि पोळी पडून पडून तुकतुकीत झालेली वरची बाजू यांना एकच काळा रंग लावून भागत नाही. वज्री मात्र अजून राहिली आहे. पुण्यातील रेखाटन पुरेसे नाही आणि आमची तर मोडीत गेली. चाळीसगाव, पाचोरा, अमळनेर परिसरात कोणाच्या घरी जुनी वज्री असेल, तर ती मला विकत नको आहे. ओसरीवर तासभर बसू द्यावे.

आपला,
एक चित्रकार वाचक, चाळीसगाव